मासे धरायचा उजेड

दिवाळी उरकली की आमच्या घरात ऊन खाली बसायला येतं. एरवी ते पत्र्यावर, रस्त्यावर असतं. पण धान पिवळं पडलं की दुपार कलल्यावर ते बैठकीच्या खिडकीतून आत शिरतं आणि समोरच्या भिंतीशी, कमरेएवढ्या उंचीवर, बराच वेळ थांबून राहतं. तिथे माझी काचेची टाकी आहे. टाकीत पाणी आहे, लाकडाचं एक खोड आहे, तग धरून राहिलेली दोन-चार झाडं आहेत, आणि काचेला आतून शेवाळ धरलेलं आहे. त्यावर ऊन पडलं की सगळी खोली हिरवट होते आणि मला मागच्या वर्षीचे कापणीचे दिवस आठवतात. आठवतात म्हणजे काय, ते गेलेलेच नाहीत.

बाहेर सगळं दरवर्षीसारखंच आहे. शेतांच्या बांध्यांमध्ये हलक्या, लवकर येणाऱ्या धानाची कापणी आटोपली, भारी धान अजून उभं आहे. साकोलीहून भंडाऱ्याला जाताना बसच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले दिसतात आणि खिडकी उघडी असली तर तणसाचा तो कोरडा, गोडसर वास थेट अंगावर येतो. बाजारात उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या आल्यात. सोलताना बोटं काळी होतात, दोन दिवस जात नाहीत. मला हे दिवस फार आवडायचे. शाळेला दिवाळीची सुट्टी, सकाळी अंगावर शाल, आणि घरात आम्ही दोघीच: मी आणि आई.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे हा शब्द माझ्याकडे वापरायचा राहिलेलाच होता. लग्नानंतर तो सासूबाईंना लागला आणि पक्का बसला.

मी शाळेत मराठी शिकवते. हेवा, मत्सर, असूया, या तिन्ही शब्दांतला फरक मी फळ्यावर रेघ मारून समजावून सांगते. घरी एवढे शब्द लागत नाहीत. घरी एकच पुरतो. जळणं. मी जळत होते. हे वाक्य लिहायला मला वर्ष लागलं. मी कमी बोलते, आणि कमी बोलणाऱ्या बाईला लोक समंजस समजतात. तो समज मी मोडू दिला नाही. त्याच्या आड बसून मी जे केलं, ते आता सांगते.

आईंचं गाव वैनगंगेच्या काठी होतं. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं आणि गाव बुडालं. मासे विकून, जाळी विणून, शिंगाडे तोडून दोन पोरं वाढवलेली ती बाई आमच्या साकोलीच्या घरी आली ती दोन पिशव्या आणि एक जाळं घेऊन. जाळं इथे कुठे टाकणार? ते माळ्यावर गेलं. माझे यजमान एसटीत कंडक्टर. त्यांची ड्यूटी म्हणजे आज घरी, उद्या डेपोत. म्हणजे वर्षानुवर्षं संध्याकाळी घरात आम्ही दोघी. मी वह्या तपासायची, त्या मासे साफ करायच्या नाहीतर भाजी निवडायच्या. फारसं बोलायचो नाही. मी काही विचारायच्या आधी त्या चहा पुढे करायच्या, त्यांनी मागायच्या आधी मी त्यांच्या पायांना तेल लावायची. यापेक्षा जास्त काही मला कधी कुणाकडून नको होतं.

त्या मला "मोठी" म्हणतात. थोरली सून म्हणून मोठी. धाकट्या भाऊजींची बायको भंडाऱ्याला राहते, तिला मात्र नावानं हाक मारतात. सुषमा. इतकी वर्षं मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

मग त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन भंडाऱ्याला झालं. पोळा नुकताच होऊन गेला होता. तपासणीला परत परत जावं लागेल, मोठी शाळेत जाते, म्हणून आई सुषमाकडेच राहतील असं ठरलं. ठरवलं मीच. नवरात्रात सुट्टीच्या दिवशी मी त्यांना आणायला म्हणून भंडाऱ्याला गेले. दार उघडंच होतं. आत बैठकीत पडदे ओढलेले, आणि कोपऱ्यात पाण्याचा एक तुकडा उजळलेला.

सुषमाने माशांची, खऱ्या झाडांची टाकी लावली होती. अशा टाक्या मी दवाखान्यात पाहिल्या होत्या, प्लॅस्टिकची झाडं आणि बुडबुडे सोडणारा खोटा खजिना असलेल्या. ही तशी नव्हती. एका वाकड्या खोडाला दोऱ्याने बांधलेली गर्द पानं, तळाशी वाळू, लांब पात्यांचं गवत एका बाजूला झुकलेलं. पाणी फिक्या चहाच्या रंगाचं. आणि उजेड इतका कमी की आत काय आहे हे पाहायला जवळच जावं लागे. आंब्याच्या दाट झाडाखाली भर दुपारी असतो तसा तो उजेड. त्याच्यासमोर खुर्चीत आई बसल्या होत्या. काळा चष्मा कपाळावर चढवलेला.

"ये मोठी, इथं बस," त्या वळून न बघताच म्हणाल्या. "तो काळा मासा पाहून राहिली मी. लय लाजाळू हाय. आत्ता निंगन."

मी बसले. मासा निघाला नाही. आई तरीही हसत होत्या, तोंडावर पदर घेऊन, लहान मुलीसारख्या.

"आपल्या घाटावर सकाळचं पानी असंच राहे, नाही का वो?" त्या म्हणाल्या.

आणि इथेच मी जळायला लागले. तो घाट मी पाहिला होता. नवी नवरी म्हणून पहिल्यांदा गावी गेले तेव्हा आईच मला पहाटे घाटावर घेऊन गेल्या होत्या. सुषमा या घरात आली तेव्हा गाव पाण्याखाली गेलेलं होतं. तिने घाट कधी पाहिलाच नाही. घाट माझ्याजवळ होता, आणि त्याचा उजेड मात्र तिने आणला होता.

"आई, चलता ना साकोलीला?" मी विचारलं.

"येईन ना वो. दिवाळीले येतेच. आता इथं बरं हाय."

सुषमा चहा घेऊन आली. "ताई, आई सकाळी उठल्या की आधी लाइट लावा म्हणतात. चहा मागून," ती हसून म्हणाली. तिच्या बोलण्यात टोचणारं काहीच नव्हतं. टोचणारं असतं तर बरं झालं असतं.

बस सुटायला वेळ होता. मी बसस्टँडवर न जाता बाजारात गेले. पितळी भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत, आतल्या बाजूला, माशांचं एक दुकान आहे हे मला ठाऊक होतं. टाकी घ्यायची हे मी चालताचालता ठरवलं, आणि दुकानात शिरेपर्यंत ते माझं जुनं स्वप्न झालेलं होतं.

"लाइट दाखवा," मी म्हणाले.

दुकानदार भला माणूस. "मॅडम, आधी झाडं सांगा न कोनती लावता. झाडावरून लाइट ठरते. टाकी केवढी, पानी किती खोल, खिडकीतून ऊन येते का, हे सारं पाहा लागते."

"मोठा दाखवा."

त्याने एकेक लावून दाखवला. माझ्या आयुष्यात मी उजेड असा निवडलेला नव्हता. दुकानातून बल्ब आणावा आणि लावावा, एवढंच. इथे उजेडाला जाती होत्या. एक पिवळसर, संध्याकाळचा. एक निखळ पांढरा, दुपारी बारा वाजताचा. एक लाल-निळा मिसळलेला, ज्याच्याखाली लाल झाडं जास्वंदीसारखी पेटतात. काही पट्ट्या काचेवर ठेवायच्या, काही उंच दांडीला टांगायच्या. त्याने खूप समजावलं. उजेड वाढवला की झाडांना खत वाढवावं लागतं, पाण्यात गॅस सोडावा लागतो. "झाडं खात नाहीत तेवढा उजेड शेवाळ खाते, मॅडम. मग रडू नका."

"आमच्या ओळखीच्या एक बाई इथूनच लाइट घेऊन गेल्यात," मी सहज म्हटल्यासारखं केलं. "त्यांच्या सोबत काळा चष्मा लावलेल्या आजी असतील."

"सुषमाताई?" तो हसायलाच लागला. "त्यायनं त मले वेडं केलं. एक नेली, परत आनली. दुसरी नेली, तेबी परत. मंग आजीलेच घेऊन आल्या. म्हने एकेक लावून दाखवा. आजीनं चष्मा काढला, अन् ह्या विचारून राहिल्या, आई, डोळ्याले लागते का? ह्याच्यात लागते का? सगळ्यात मंदवाली घेतली शेवटी, अन् तरी म्हने, वरून काही कागद लावता येते का?"

मी ऐकून घेतलं. एवढंच मला सांगायचं आहे: मी ऐकलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी पुढे स्वतःला कितीदा तरी सांगितलं, पण ते खरं नाही. दुकानदाराने विचारलं, "तुमच्या घरी बी कोनी म्हातारं मानूस हाय का? त तसं पाहू." मी म्हणाले, "नाही." आणि टाकी, झाडं, मासे आणि दुकानातला सगळ्यात तेज लाइट घेतला.

"हे काय, घरात क्रिकेटचं ग्राउंड उघडलं का?" यजमान ड्यूटीवरून आले आणि दारातच डोळ्यांवर हात धरून उभे राहिले. "रस्त्यावरून दिसते ना बाई हे! उद्या प्यासेंजर इथंच उतरतील."

मला तेच हवं होतं. दिसायला हवं होतं. सुरुवातीचे दिवस टाकी खरंच सुंदर दिसली. लाल पानं, बारीक पानांचं हिरवं गालिच्यासारखं गवत, पाणी इतकं स्वच्छ की नाही असं वाटावं. शेजारणी येऊन बघून गेल्या. मी कुणाला काही बोलले नाही, पण मनात सारखं एकच चालायचं: सुषमाच्या टाकीत तर काही दिसतही नाही. मी सकाळी उठून लाइट लावायची आणि झोपताना बंद करायची. दुपार कलली की खिडकीतलं हे कापणीच्या दिवसांतलं ऊनही त्यात मिसळायचं. मग एका सकाळी गवताच्या टोकांवर बारीक हिरवे केस दिसले. पुसले. दुसऱ्या दिवशी खोडावर आले. मी जुन्या ब्रशने काच घासायची, हात दंडापर्यंत पाण्यात. लाइट कमी करायचं मात्र मनात आलं नाही. आलं असेल तर मी त्याला बसू दिलं नाही.

दिवाळीला आई आल्या. मी त्यांची खुर्ची आधीच टाकीसमोर मांडून ठेवली होती. बटण दाबलं. त्यांनी चष्मा नीट केला, बघितलं, आणि हसल्या.

"हा त मासे धराचा उजेड हाय वो, मोठी."

"म्हणजे?"

"आमी अंधाऱ्या रातीचे नदीत डोंग्यावर गॅसबत्ती टांगो. मासे येडे होऊन उजेडाकडं येत. मंग जाळं टाकाचं."

हे सांगताना त्यांना गंमत वाटत होती. मी मात्र टाकीकडे बघत राहिले. मासे सगळे खोडाच्या मागे जाऊन बसले होते. येडा होऊन उजेडाकडे एकही आला नव्हता.

त्या बसायच्या. मी सांगितलं म्हणून बसायच्या. थोड्या वेळाने पदराचं टोक डोळ्यांना लावायच्या. मग हळूच खुर्ची उचलून स्वयंपाकघरात यायच्या आणि शिंगाडे सोलत बसायच्या. मी म्हणायची, "आई, बाहेर बसा ना. तुमच्यासाठीच तर लावली टाकी." त्या पुन्हा बाहेर जायच्या. मी विचारायची, "डोळ्यात औषध टाकलं का?" औषधाचं मी रोज विचारलं. लाइटचं एकदाही विचारलं नाही.

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, म्हणजे गावची जत्रा. बुडालेल्या गावाला मिळालेल्या नव्या गावठाणातही भरते. जुन्या गावाच्या मंडईला नदी होती, इथे सरळ रेषेतले रस्ते आहेत, पण पाहुणे तसेच येतात, रात्री नाच-गाण्यांची दंडार तशीच होते, पोट्टे तसेच फुगे मागतात. आमची चुलतसासू शेवंताकाकी तिथे राहते. मंडईच्या दिवशी सगळं घर तिच्याकडे जेवायला. मागच्या वर्षीही होतं. अंगणात आम्ही बायका, मधे भाताचं गंज, हे भलंमोठं पातेलं, सुषमा चुलीजवळ मासे तळत बसलेली, धुरात.

शेवंताकाकीची नजर म्हणजे नजर. तिने आईंकडे पाहिलं. "अवो, डोळे काहून लाल झाले वो तुमचे? आपरेशन बिघडलं का?"

सगळ्या बायकांनी वळून बघितलं. आई काही बोलणार तेवढ्यात मी बोलले. मी, जी कधी मधे बोलत नाही.

"तिकडे भंडाऱ्याला त्या टाकीच्या उजेडासमोर बसून बसून झालं ते. दिवसभर बसवून ठेवायचे ना समोर."

सुषमाच्या हातातला झारा तसाच वर. काकीने तोंडावर हात घेतला. "हाय! आपरेशनवाल्या मानसाले कोनी उजेडासमोर बसवते का?"

"आई," सुषमा म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान होता. "खरंच का आई? लागत होता तो उजेड? मले त तुम्ही..."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी कुणाला सांगून समजावू शकत नाही. रागाची नव्हती. ताटात काय कमी आहे हे वाढणारी बाई बघते, तशी ती होती. मग त्या सुषमाकडे न बघता म्हणाल्या, "हो. लागते थोडा."

मला हवं होतं ते सगळं मला त्या तीन शब्दांत मिळालं. भरल्या अंगणात त्यांनी माझी बाजू घेतली होती. आणि घास माझ्या तोंडात तसाच राहिला.

आठवड्याने सुषमाचा फोन आला. "टाकी काढली ताई. आईचे डोळे महत्त्वाचे. झाडं शेजारच्या काकूंना दिली, मासे दुकानात परत केले." टोमणा नाही, रडणं नाही. "आई तुमच्याचकडे राहू द्या आता. माझ्या हातून चूक झाली." चूक माझी आहे, असं मी म्हणायला हवं होतं. मी "बरं" म्हणाले.

त्या दिवशी मी माझा लाइट बंद केला. परत लावला नाही. शेवाळ राहिलं, मासे उरले नाहीत, झाडं बरीचशी गेली. आईंचे डोळे आपोआप निवळले. हे कुणाच्या लक्षात आलं नाही; कोण ध्यान देतंय म्हणा! आणि आई माझ्याकडे राहिल्या. मी जिंकले होते. वर्षभर मी त्यांना बैठकीत त्या खुर्चीवर बसलेलं पाहिलं, समोर टाकीतल्या उजेड न लावलेल्या पाण्याकडे तोंड करून. एकदा विचारलं, काय बघता? "काही नाई," म्हणाल्या. मी त्यांना टीव्ही लावून दिला.

खरं सांगितलं तर काय होईल हे मला पुरतं ठाऊक होतं. सुषमा टाकी परत लावेल आणि आई भंडाऱ्याला जातील. माझ्या संध्याकाळी माझ्या वह्यांसोबत राहतील. एवढ्यासाठी मी सणवार, वाढदिवस, दवाखान्याच्या फेऱ्या, सगळ्या प्रसंगी सुषमाच्या समोर उभी राहिले आणि गप्प बसले. तीही माझ्याशी पहिल्यासारखीच बोलायची, फक्त आईंना जेवताना लाइट डोळ्यांवर येत असेल तर पटकन उठून बंद करायची. तेवढं बघितलं की मला तिथून निघून जावंसं वाटायचं.

यंदा धान पिवळं पडलं आणि खिडकीतून ते ऊन परत आत आलं. आई त्या उन्हात पाय पसरून शिंगाडे सोलत होत्या. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. दुकानात काय ऐकलं, काय घेतलं, तिथे "नाही" कसं म्हणाले, सगळं.

त्यांनी सोललेला शिंगाडा माझ्या हातावर ठेवला. "माहीत होतं ना वो मले. माह्ये डोळे मले समजत नाहीत का?"

"मग तिथे हो काहून म्हणालात?"

"नाही म्हनली असती त तू एकटी पडली असती त्या अंगनात. सुषमा रडली त तिले सारे समजावतेत. तू त रडत बी नाहीस."

मग मी रडले. आईंनी रडू दिलं. नंतर म्हणाल्या, "पन त्या पोरीचं वाईट झालं. माह्यानं बी झालं, तुह्यानं बी. तू मंडईत बोल. मी बी बोलते."

मंडईला तेच अंगण, तीच चूल, तेच गंज. फक्त यंदा मासे तळायला मी बसले होते. जेवणं वाढली तेव्हा मी झारा खाली ठेवला आणि उभं राहून सांगितलं, की मागच्या वर्षी मी खोटं बोलले. आईंचे डोळे सुषमाच्या उजेडाने लाल झाले नव्हते. माझ्या उजेडाने झाले होते, आणि मला ते माहीत होतं. तिची टाकी पाहून मी जळले होते.

"आन् मी हो म्हनली, तेबी लबाडी," आई ताटावरून म्हणाल्या.

शेवंताकाकीने कपाळाला हात लावला. "बापा! एवढी शिकली, मास्तरीन झाली, अन् माशाच्या डबक्यावर जळली!" बायका हसल्या. हसण्याने बरं वाटेल असं मला वाटलं होतं, पण सुषमा हसली नाही. ताट तसंच ठेवून ती मागच्या अंगणात गेली. मी मागे गेले.

"ताई, वर्षभर मी आईंसमोर मान वर करून बसली नाही," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "झोपेत सुद्धा वाटे, आपण एका म्हाताऱ्या बाईचे डोळे घालवले. तुम्हाला टाकीच पाहिजे होती त मागायची होती. मी अर्धी झाडं काढून दिली असती."

"मला टाकी नको होती," मी म्हणाले.

ती वळली. तिला समजलं असावं, कारण तिचा राग कमी झाला नाही, पण त्याचा आकार बदलला. "माफी नका मागू," ती म्हणाली. "मले लगेच नाही करता येणार माफ. तुम्ही दुकानात चला माझ्यासोबत. आईंना घेऊन. लाइट तुम्ही निवडायचा."

काल गेलो. तोच दुकानदार. मला पाहून त्याला आठवलं, आईंना पाहूनही आठवलं, आणि दोन्ही जोडून त्याने जे काय ओळखलं ते बोलून दाखवलं नाही. भला माणूस, म्हटलं ना. सुषमा बाजूला उभी राहिली, हात बांधून. मी एकेक लाइट लावायला सांगितला आणि दर वेळी विचारलं, "आई, लागतो का?" हा प्रश्न मी कधी विचारलेलाच नव्हता.

"लागते." "हा बी लागते." "हा नाई लागत, पन मासा आजारी दिसते याच्यात."

दुकानदाराने मग एक लहानसा, कमी-जास्त करता येणारा लाइट काढला. दुकानातल्याच एका टाकीवर उंच टांगला. मी बटण फिरवत खाली खाली आणलं. पाण्यावर तरंगणाऱ्या पानांची सावली तळाच्या वाळूवर उतरली, आणि एक मासा लाकडामागून बाहेर आला, कुणी बोलावल्याशिवाय.

"बस," आई म्हणाल्या. "एवढाच."

सुषमाने मान हलवली. तिने लाइट बांधायला सांगितला, झाडं सांगितली, दुकानदाराशी खताचं बोलली. आई तिच्याकडेच राहणार आहेत, निदान कापणीचे हे दिवस, मग पुढे बघू. हे आम्ही कुणी ठरवलं नाही, ते तसं झालं. मला आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि खोटं मी यंदा पुरे केलंय. निघताना आईंनी दुकानाच्या पायऱ्या उतरायला हात पुढे केला तो सुषमाकडे. मी पाहिलं. पाहिल्याशिवाय मला अजून राहवत नाही. तेच ते जळणं, थोडं कमी, पण तेच. दुसऱ्या हातात त्यांची कपड्यांची पिशवी होती, ती त्यांनी मागे लांबवून धरली आणि सोडली. मी घेतली. मागे कोण आहे हे त्यांनी वळून पाहिलं नव्हतं.